रोजच्या वापराला चपळ गाडी: कुठली घ्यावी, आणि लीजवर घ्यावी का?

घाटवेडी
नमस्कार मंडळी. माझी अकरा वर्षांची हॅचबॅक आता थकली आहे. पुढची गाडी चालवायला मजा येईल अशीच घ्यायची, हे मनाशी पक्कं केलंय. मजा म्हणजे ताशी दोनशेचा वेग मला नकोच आहे. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळावं, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम टिकावा आणि ब्रेकवर डोळे मिटून विश्वास ठेवता यावा, एवढंच हवंय.

वापर असा: बावधन ते हिंजवडी फेज 3, जाऊन-येऊन 36 किमी, आठवड्यातून पाच दिवस. महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला आईकडे. येताना बरेचदा आई बरोबर असते आणि तिला पाठीचा त्रास आहे. बजेट ऑनरोड साडेबारा लाखांपर्यंत.

सध्या मनात ह्युंदाईची आय20 एन लाइन, मॅन्युअल. 1.0 टर्बो, ताकद 120 पीएस, ओढ (टॉर्क) 172 एनएम. दुसरा विचार नव्या स्विफ्टचा. टाटाची अल्ट्रॉझ रेसर एका मैत्रिणीची चालवून पाहिली, तीही आवडली. मनाच्या कोपऱ्यात फोक्सवॅगनची व्हर्टस 1.5 जीटी आहेच, पण ती बजेटच्या फार वर जाते.

खरा प्रश्न दुसरा आहे. ऑफिसात कार लीजची योजना आहे. डाउन पेमेंट शून्य, भाडं पगारातून कर लागायच्या आधी वळतं होतं, चार वर्षांनी गाडी परत करा किंवा ठरलेल्या रकमेला विकत घ्या. एन लाइनसाठी महिना 31,500 असं कोटेशन आलंय. त्यात जीएसटी, विमा आणि सर्व्हिसिंग धरलंय, टायर आणि बॅटरी नाही. सहकारी म्हणतात डोळे झाकून घे. मला मात्र सही करायच्या आधी नीट समजून घ्यायचंय. ज्यांनी लीजवर गाडी घेतली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाचवा_गिअर
एन लाइनला माझं मत. गेली दोन वर्षं मॅन्युअल वापरतोय. सुरुवातीच्या एन लाइनला मॅन्युअलच्या जागी क्लच पेडल नसलेला आयएमटी गिअरबॉक्स होता. सप्टेंबर 2023 च्या बदलात खरा सहा गिअरचा मॅन्युअल आला आणि गाडीला जीव आला. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. वरंध घाटात उतरताना त्याचा अर्थ कळतो.
अ‍ॅव्हरेज: कात्रज ते मगरपट्टा रोजच्या रहदारीत 11, हायवेला 17 च्या आसपास. टर्बोला पाय जड पडला की पेट्रोल पितेच.

हिशेबी
घाटवेडी, तुमच्या कोटेशनवरून मी आकडे मांडतो, कारण लीजच्या चर्चेत सगळे "टॅक्स वाचतो" एवढ्यावर थांबतात.

गाडी ऑनरोड 12,20,000 धरू. 2,20,000 खिशातून भरले आणि 10 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 48 महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता 24,885. चार वर्षांत हप्त्यांचे 11,94,480, अधिक सुरुवातीचे, म्हणजे 14,14,480. पुढच्या तीन वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून 1,20,000 धरा. एकूण 15,34,480. गाडी तुमची.

आता लीज. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस धरून 31.2 टक्के कर. कंपनी गाडी आणि तिचा चालवण्याचा खर्च देते, वापर ऑफिसचाही आणि घरचाही, तेव्हा 2025-26 मध्ये 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना फक्त 1,800 रुपये तुमच्या उत्पन्नात धरले जायचे. 1.6 च्या वर 2,400, ड्रायव्हर असेल तर आणखी 900. म्हणजे 31,500 मधले 29,700 करातून सुटतात आणि महिन्याला 9,266 वाचतात. हातचा खर्च 22,234. चार वर्षांचे 10,67,000 च्या थोडं वर. शेवटी गाडी ठेवायची तर राहिलेली किंमत करासकट 1,60,000 धरू. एकूण सव्वाबारा लाखांच्या जरा वर.

म्हणजे तीन लाखांचा फरक. तुमच्या सहकाऱ्यांचं चूक नाही.

दोन गोष्टी तपासाच. एक, हे आकडे 2025-26 च्या नियमांचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा 1,800 च्या जागी आता किती ते एचआरकडून लेखी घ्या. दुसरं, कोटेशन किती किलोमीटरवर आहे?

घाटवेडी
हिशेबी, मनापासून आभार. इतकं स्पष्ट आमच्या एचआरनेही सांगितलं नव्हतं. किलोमीटरचा रकाना आत्ता उघडून पाहिला. चार वर्षांना मिळून 40,000. त्यापुढे दर किलोमीटरला जादा आकार.

हिशेबी
मग तुमचाच वापर मोजा. 36 गुणिले 22 म्हणजे 792. श्रीवर्धन जाऊन-येऊन 330 धरा. महिन्याला 1,122, वर्षाला साडेतेरा हजार, चार वर्षांत जवळजवळ 54,000. यात रविवारचा मुळशी नाही, दिवाळी नाही, लग्नकार्य नाही. आणि गाडी मजेची असेल तर माणूस जास्त फिरतो. मी स्वतः वर्षाला नऊ हजारांवरून चौदावर गेलो. 64,000 चं कोटेशन मागवा.

आडवाट
मी लीजवर घेतलेली गाडी गेल्या वर्षी परत केली, माझा अनुभव लिहिते. (कंपनीचं नाव लिहीत नाही.)

भाडं वेळेवर, सर्व्हिसिंग चोख, चार वर्षं काहीच त्रास नाही. परत करताना मात्र एक माणूस टॉर्च घेऊन आला आणि दीड तास गाडी तपासत राहिला. मागच्या बंपरवर पार्किंगचा ओरखडा, एका अलॉयची कड खरवडलेली, पुढच्या सीटवर छोटा डाग. "सामान्य झीज" कशाला म्हणायचं हे करारात दोन ओळींत उरकलं होतं. त्या दोन ओळींचा अर्थ त्यांचा वेगळा, माझा वेगळा. 38,000 रुपये भरले. विमा माझ्याच भाड्यातून जात होता आणि त्यातून बंपर करून घेता आला असता. आधी कुणी सांगितलं असतं तर घेतला असता.

म्हणून: ताब्यात घेताना प्रत्येक पॅनलचा तारखेसह फोटो. झिजेची व्याख्या लेखी. परत द्यायच्या दोन महिने आधी ओरखडे विम्यातून उरकून घ्यायचे. आणि टायर. चपळ गाडीचे टायर लवकर संपतात, तुझ्या कोटेशनमध्ये ते नाहीत. एन लाइनचे 195/55 आर16 आहेत, चारांची किंमत आधीच विचारून ठेव.

सुकाणू
कोल्हापूरहून लिहितोय. बावीस वर्षं गॅरेज आहे. कागदाचं मला कळत नाही, गाडीचं कळतं तेवढं सांगतो.

ताई, पॉवरच्या आकड्यावर जाऊ नका. गाडी चपळ वाटते ती वजनामुळं. नवी स्विफ्ट 82 पीएसचीच, इंजिन तीन सिलिंडरचं, पण वजन सव्वानऊशे किलोच्या आत. रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती पोरासारखी पळते. टर्बोची गंमत वेगळी. दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत थोडी सुस्त, मग एकदम ढकलते. घाटात वळण संपताना तो धक्का कधी येणार हे अंगवळणी पडायला महिना जातो. पावसात ताम्हिणीला शेवाळलेल्या वळणावर तो धक्का चुकीच्या क्षणी आला तर पुढची चाकं घसरतात. पाय हळू ठेवायला शिका, मग टर्बोसारखी गाडी नाही.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांसाठी एक. आय20 चा सात गिअरचा डीसीटी आणि फोक्सवॅगनच्या 1.5 चा डीएसजी, दोन्ही दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि क्लच कोरडे. हिंजवडीसारख्या रहदारीत चढावर ब्रेक अर्धवट सोडून गाडी रेंगाळत ठेवली की क्लच तापतो. पुढं जागा होऊ द्या, मग सोडा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या 1.0 ला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारा) आहे, तो हे जास्त सोसतो. रोज दोन तास रहदारी असेल तर तो बरा.

आणि टर्बो गाडी घाट चढून आली की लगेच चावी फिरवू नका. अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या. ऑइल वेळेत बदला. लीजची गाडी दुसऱ्याची म्हणून लोक ऑइलकडं बघत नाहीत, ते बघून माझा जीव तुटतो.

चाकणकर
आमच्या भागातल्या गाड्यांची आठवण निघाली म्हणून. परवडणाऱ्या चपळ गाड्यांचा पुण्याशी जुना संबंध आहे. फोक्सवॅगनची पोलो चाकणला बनायची. 2013 ला जीटी टीएसआय आली, 1.2 टर्बो, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी, आणि भारतात छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक रोज वापरता येते हे लोकांना पटलं. 2022 ला पोलो बंद झाली तेव्हा शोरूमबाहेर उभं राहून फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत. फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावची, 145 अश्वशक्ती. आज व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया चाकणच्याच, अल्ट्रॉझ पिंपरीची.

वापरलेली पोलो जीटी घ्यायचा मोह झाला तर एक ध्यानात ठेवा. ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या साधारण एप्रिल 2023 पासूनच्या. जुन्या टर्बो गाडीचे रबरी पाइप आणि इंधनाच्या जोडण्या जाणत्या माणसाकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाचवा_गिअर
+1. अवांतर: व्हर्टस 1.5 बजेटबाहेर का जाते याचं एक कारण कर. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना 18 टक्के जीएसटी, बाकीच्यांना 40. एन लाइन, रेसर, स्विफ्ट तिन्ही 18 मध्ये. व्हर्टस साडेचार मीटरच्या वर आणि 1498 सीसी, म्हणून 40. लीजच्या भाड्यावरही गाडीचाच दर लागतो, तेव्हा हा फरक दर महिन्याला जाणवतो.

न्यूजर्सीकर
इकडे लीज फार रुळलेली आहे, म्हणून त्यातलं गणित सांगतो. तिकडेही तत्त्व तेच.

मी होंडाची सिव्हिक एसआय लीजवर घेतली. 1.5 टर्बो, 200 अश्वशक्ती, फक्त मॅन्युअल. समजा ठरलेली किंमत 32,000 डॉलर आणि तीन वर्षांनंतरची किंमत 60 टक्के, म्हणजे 19,200. मधले 12,800 डॉलर तुम्ही 36 महिन्यांत झिजवणार, महिना 355. वर व्याज. ते "मनी फॅक्टर" नावाच्या चिमुकल्या अपूर्णांकात सांगतात. 0.0025 दिसायला काहीच नाही, पण 2400 ने गुणा, 6 टक्के. किंमत आणि उरलेली किंमत यांची बेरीज गुणिले तो अपूर्णांक, महिना 128. एकूण 483 आणि वर कर.

हे सांगायचं कारण, लीज स्वस्त होते ती उरलेली किंमत मोठी असेल तर. जी गाडी जुनी झाल्यावरही लोकांना हवी असते तीच लीजला परवडते. घाटवेडी, हिशेबींनी धरलेली शेवटची रक्कम 1,60,000 म्हणजे फार लहान आहे. जवळजवळ पूर्ण गाडीचे पैसे तू भाड्यातून देणार आहेस. चार वर्षांनी ती गाडी बाजारात त्याच्या कितीतरी पट जाईल. तेव्हा परत करण्याचा विचार सोड, विकत घेण्याच्या तयारीनेच सही कर.

घाटवेडी
हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. मी उलट समजत होते, की शेवटची रक्कम लहान म्हणजे कंपनी परत घ्यायला उत्सुक.

हिशेबी
न्यूजर्सीकरांचा मुद्दा अगदी योग्य. आपल्याकडची पगारातून जाणारी लीज ही खरं तर कर वाचवणारं कर्जच असतं.
यावरूनच, ज्यांच्या ऑफिसात अशी योजना नाही आणि जे बाहेरून स्वतःच्या नावाने भाड्याने घेऊ पाहतात, त्यांनी थांबा. 31,500 गुणिले 48 म्हणजे 15,12,000, करातली सूट शून्य आणि शेवटी गाडी परत. वर कर्जाचा हिशेब 15,34,480 होता आणि गाडी दारात उभी राहत होती. दोन वर्षांसाठी शहरात आलात, बदलीची नोकरी आहे, तर ठीक. नाहीतर नको.

साताराची_लेक
माझेही प्रश्न. नंबर प्लेट काळी येते का? आणि स्टेज 1 रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं) करून घेता येतो का लीजच्या गाडीला?

आडवाट
काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं ही भाड्याने स्वतः चालवायच्या गाड्यांची. सबस्क्रिप्शनच्या काही गाड्या तशा येतात. पगाराच्या लीजला पांढरी पाटी. पण आरसी कुणाच्या नावावर हे विचार. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर रोड टॅक्स 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 पर्यंत 12. कंपनीच्या नावावर तोच 20 टक्के. कोटेशन भरमसाट वाटलं तर बहुतेक गोम इथे असते. आमच्यात आरसी माझ्या नावावर होती आणि त्यावर लीजची नोंद.

रिमॅपचं साफ नाही. गाडी तुझी नसते. वॉरंटी जाते, करार मोडतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमावाला पहिलं हेच शोधेल. ज्याला गाडीशी खेळायचंय त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घ्यावी.

विम्याचं एक राहिलं. गाडी पूर्ण गेली तर पैसे लीज कंपनीकडे जातात आणि त्यांची बाकी जास्त असेल तर फरक तुझ्याकडून घेतात. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडीची बिलाची किंमत देणारं) हे जोड-कवच घेतलंच पाहिजे.

सुकाणू
खरं बोललात. थोड्या जादा ताकदीसाठी इंजिनाचं आयुष्य घालवू नये. तेच पैसे चांगल्या टायरला घाला, गाडी निराळीच वाटते.

देशपांडे_काका
मुली, हिशेब सगळ्यांनी उत्तम सांगितला. मी पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. एकच विचारतो. या कंपनीत आणखी चार वर्षं राहणार आहेस का? माझ्या मुलाने लीज घेतली आणि चौदाव्या महिन्यात नोकरी बदलली. नव्या कंपनीत योजना नव्हती. उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागली, वर दंड. त्या महिन्यात मी मुदत ठेव मोडली. पैसे आम्ही उभे केले, पण त्याची त्या काळातली झोप मी पाहिली आहे.
आणि आईला मागच्या सीटवर बसवून गाडी चालवून बघ. शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नको.

घाटवेडी
काका, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काहीच लिहिलं नाही. आज लिहिते.

आधी गाडी. तुमचं ऐकून आईला बोलावून घेतलं आणि दोन्ही शोरूमना स्पष्ट सांगितलं की चांदणी चौक ते पिरंगुट घाट आणि परत, एवढी फेरी देणार असाल तरच येते. दोघेही तयार झाले.

स्विफ्टबद्दल सुकाणू दादांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. हलकी, हसरी गाडी. पण चढावर आम्ही तिघी आणि एसी चालू असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात सारखं यावं लागलं. एन लाइन त्याच चढावर तिसऱ्यात निवांत गेली. उतारावर भुकूमजवळ एक टेम्पो अचानक वळला. ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत, न डगमगता थांबली. तिथेच माझं ठरलं. गतिरोधकांवर कुठे टेकली नाही, खड्डे मात्र कळतात. आईला मागे कंबरेला हादरे बसले. मग तिला पुढे बसवलं, सीट थोडी मागे रेलली, पाठीला छोटी उशी दिली. म्हणाली, "हे चालेल. समोरचा रस्ता दिसला की मला बरं वाटतं." तीन वेळा विचारून खात्री केली.

आता लीज. 64,000 किमीचं नवं कोटेशन आलं, महिना 32,800. हिशेबी यांच्या पद्धतीने मांडलं तर शेवटची रक्कम धरून चार वर्षांचे 12,70,000. तरीही कर्जापेक्षा अडीच लाखांनी स्वस्त. एचआरकडून नोकरी सोडल्यावरचं कलम मागवलं: उरलेलं सगळं मुद्दल, अधिक तीन महिन्यांचं भाडं, त्यावर जीएसटी. दुसऱ्या सहकाऱ्याकडे करार सोपवायची सोय नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला कधी दिलंच नव्हतं. पुढच्या वर्षी म्युनिकला जायची संधी येऊ शकते, आणि आली तर मी घेणार आहे. हे मला माहीत होतं. लीजचा विचार करताना मी ते बाजूला ठेवलं होतं. अडीच लाखांची बचत फक्त पूर्ण चार वर्षं राहिले तर आहे. दीड वर्षात सोडलं तर सात-आठ लाख एकरकमी भरायचे, परदेशी जायच्या धांदलीत. कर्जावर असेल तर गाडी भाऊ वापरेल आणि हप्ते चालू राहतील.

म्हणून लीज नाही. मॅन्युअल एन लाइन, कर्जावर. कालच बुकिंग केलं.

पाचवा_गिअर
अभिनंदन! पहिले हजार किमी चार हजार आरपीएमच्या वर नेऊ नका, एकाच वेगाने खूप वेळ चालवू नका.

साताराची_लेक
ताई, अभिनंदन. माझं उलट झालं. माझी नोकरी सरकारी उपक्रमात, आणखी दहा वर्षं तरी हलणार नाही, वापर वर्षाला आठ हजार, आणि आमच्याकडे योजना आहे. तुमचा धागा छापून अकाउंट्सच्या साहेबांसमोर ठेवला. मी लीजवर स्विफ्ट घेतेय. आरसी माझ्या नावावर, झिजेची व्याख्या लेखी मागितली आहे. ते म्हणाले, आजवर कुणी मागितली नव्हती.

आडवाट
मिळाली की इथे टाक, सगळ्यांना उपयोग होईल. नावं खोडून.

घाटवेडी
हो, नक्की टाक. माझी डिलिव्हरी तीन आठवड्यांनी. सुकाणू दादा, पहिलं ऑइल कंपनीने सांगितलेल्या वेळेलाच बदलू की आधी? आणि श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेसाठी खालून अँटिरस्ट मारून घेऊ का? अंगणात गाडी दोन-दोन दिवस उभी असते.

सुकाणू
ऑइल पहिल्यांदा पाच हजारला बदला, पुढं कंपनीच्या वेळेनं. अँटिरस्ट मारा, पण आधी शोरूमला विचारून, वॉरंटीला बाधा नको. कोकणातून आलात की खालून साध्या पाण्यानं धुवायचं, दर वेळी. आईंना नमस्कार सांगा.